आरसा पुढे करणारा

नशिराबादजवळ हायवेवर गॉगल विकणाऱ्या माणसाने मला फसवलं. त्याचं नाव मी विचारलं नाही.

काचेवर तो आधी हळूच फुंकर घालायचा, शर्टाच्या टोकाने ती पुसायचा आणि गॉगल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने चढवायचा. मग लगेच आरसा पुढे करायचा. मी भाव पाडत होतो आणि तो आरसा धरून शांत उभा होता. "भाऊ, बठ्ठं झकास शे," सगळं झकास आहे, एवढंच म्हणाला. आरशात मी खरोखर रुबाबदार दिसत होतो. शेवटी माझ्याच भावात त्याने गॉगल दिला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रविवारी सोबत्यांबरोबर जळगावहून धुळ्याला सायकलवर निघालो. त्यासाठी हिवाळाभर सराव केला होता. हँडलवर वाकलो की गॉगलची वरची जाड कड नेमकी रस्त्याच्या आड यायची. एरंडोलच्या अलीकडे खड्डा मला दिसलाच नाही. सोबती धुळ्याला पोचले, मी पडलो आणि सायकल केळीच्या टेम्पोत टाकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याच्यावर ओरडलो. तो काच पुसत राहिला.

"गॉगल तर एक नंबर शे, भाऊ. तुम्ही ताठ उभं राहून आरशात पाहिलं. वाकून रस्ता कधी पाहिला?"

नाही पाहिला. पण गॉगल घेतला त्या दिवशी माझी सायकल त्याच्याच हातगाडीला टेकून उभी होती, ती त्याला दिसत नव्हती? मग त्याने आरसा का पुढे केला? याचं उत्तर त्याने मला द्यायलाच हवं.