हिराबाईंच्या हातचे बोंबील

आमच्या कामातले किस्से साठत जातात, कारण ते घरी सांगता येत नाहीत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांमध्ये शिबिरं घेऊन बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करते, कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला गाठायला. जेवताना मी विषय काढला की नवरा म्हणतो, "आमटी संपू दे." आमटी संपेपर्यंत मुलगा उठून गेलेला असतो. म्हणून मग आम्ही तिघं गाडीतच एकमेकांना सांगत बसतो. मी, सिस्टर जोशी आणि ड्रायव्हर दिलीप. सिस्टर डोंबिवलीच्या, घरात अंडंसुद्धा न येणाऱ्या. दिलीप कळव्याचा, मासळीशिवाय घास न उतरणारा.

*

कळव्यातलं शिबिर खाडीजवळच्या समाजमंदिरात होतं. बाकडी बायकांनी भरलेली, पण आत कोणी जाईना. ही म्हणे तू जा, ती म्हणे आधी तू. निम्मी सकाळ अशीच गेली आणि माझा पारा चढायला लागला.

तेवढ्यात मासळी विकणाऱ्या हिराबाई उठल्या. वय पन्नाशीचं, आवाज असा की माइकची गरज नाही. "भवानी झाल्याबिगर दुसरा गिऱ्हाईक येतं काय?" असं म्हणत त्यांनी धाकट्या जावेला दंडाला धरून आत ढकललं. मग मात्र रांग लागली. बाजारात दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. तेव्हापासून शिबिरात पहिली आत येणारी बाई ही आमची भवानी.

हिराबाई स्वतः मात्र टोपली उन्हात आहे म्हणून सटकल्या. पुढच्या शिबिरातही चार जणींना घेऊन आल्या आणि तशाच सटकल्या.

*

कोपरच्या शिबिरात सिस्टर एका बाईला समजावत होत्या की आम्ही आत सौम्य व्हिनेगर लावतो, बिघडलेला भाग असेल तर तो पांढरा दिसतो.

"चायनीजवाला टाकतो तेच?" बाईने विचारलं.

साधारण तसंच, असं सिस्टर म्हणाल्या. बाई टेबलावर पडल्या पडल्या विचारात पडली.

"बरं. फक्त शेजवान नका लावू, मॅडम. मला तिखट सोसत नाही."

हे गाडीत सांगितल्यापासून दिलीपने चायनीज सोडलंय.

*

मोहन्याला आम्ही मुलींना एचपीव्हीची लस देतो. ज्या विषाणूमुळे पुढे हा कॅन्सर होतो, त्याच्यापासून वाचवणारी. एक धिप्पाड वडील लेकीला घेऊन आले आणि घाबरू नकोस, मी आहे ना, असं तिला बजावत राहिले. सिस्टरनी सुई टोचली आणि वडील खुर्चीवरून घसरून सरळ जमिनीवर.

पोरीने एका हाताने दंडावर कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने आमच्या माहितीपत्रकाने त्यांना वारा घालायला सुरुवात केली. लस घेतल्यावर थोडा वेळ थांबवून ठेवतो, हे तिला आधीच सांगितलेलं.

"मी थांबते," ती म्हणाली, "पण पप्पांना किती वेळ थांबवणार?"

*

डोंबिवलीत एकदा सासू सकाळीच येऊन तपासून घेऊन गेली आणि जाताना सांगून गेली की सूनबाईला कळू देऊ नका, नोकरी सांभाळून उगाच काळजी करत बसेल. थोड्या वेळाने सून आली. तीही म्हणाली, आईंना सांगू नका, त्यांना बीपी आहे. सून बाहेर पडली तर सासू दारातच, विसरलेली छत्री न्यायला आलेली.

"तू इथे कशी?"

"बीपी बघायला. तुम्ही?"

"मीही बीपीच."

दोघी एकाच रिक्षाने घरी गेल्या. मला त्या दोघी इतक्या आवडल्या की मी पुढची बाई आत घ्यायला विसरले.

*

हिराबाईंना आम्ही कळव्याच्या तिसऱ्या शिबिरात पकडलं, जावेनेच दार अडवून धरलं म्हणून. व्हिनेगर लावलं आणि मोठा पांढरा डाग उमटला. मी त्यांना समजावलं की हा कॅन्सर नाही, पण असाच सोडला तर काही वर्षांनी होऊ शकतो. यंत्राने शेक देऊन तेवढा भाग जाळायचा, काही मिनिटांचं काम, टाकेही नाहीत. आत्ताच करून टाकू.

हिराबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी आजारी हाय असा बाजारान कललं, त माझे हातची मासली कोन घेल?"

कोणाला कळणार नाही, असं मी परोपरीने सांगितलं. विचार करून येते म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर फोन उचलेनात. मला त्यांचा राग आला आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. हाताशी आलेली बाई अशी निसटू द्यायची म्हणजे काय!

*

मग एक दिवस दिलीपने गाडीत विचारलं, "मॅडम, सिस्टरांचं काय बिनसलंय का? दर गुरुवारी माझ्याकडे बोंबील आणून देतात. फ्रिजमध्ये बर्फाला जागा नाही उरली. बायको विचारते, एवढं प्रेम कशापायी?"

गुरुवार म्हणजे सिस्टरांच्या सुट्टीचा दिवस. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हिराबाईंना जाऊन काय सांगता, असं मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगायला जात नाही. बोंबील घ्यायला जाते."

भाव करत नाहीत, ताजे का शिळे विचारत नाहीत. नाकाला पदर लावायचा नाही, एवढंच पाळायचं ठरवलं होतं म्हणे.

*

त्यानंतरच्या कळव्याच्या शिबिरात आम्ही पोचलो तेव्हा समाजमंदिराला अजून कुलूप होतं. पायरीवर हिराबाई बसलेल्या, मांडीवर पिशवी.

"आज भवानी माझी," त्या म्हणाल्या.

शेक देऊन होईपर्यंत त्यांनी सिस्टरांचा हात सोडला नाही. सगळं नीट झालं. तीन आठवडे जड टोपली उचलायची नाही, हे मी दोनदा सांगितलं, धाकटी जाऊ उचलेल असं त्यांनीही दोनदा सांगितलं. मग टेबलावरून उतरल्या, लुगडं सारखं केलं आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून सिस्टरांपुढे धरलं.

सिस्टरनी सवयीने ते दोन बोटांनी धरलं.

"नीट धर, बाय. मेथी हाय," हिराबाई म्हणाल्या. "तू मासली खात नाय, ता मना पयल्याच गुरवारी कललेलं."