नितळ नळीचा हट्ट

रूथबाई पुण्याच्या इस्पितळात वारल्या, हे कळलं तेव्हा मी त्यांच्या दातांच्या दवाखान्यात स्टोव्हवर चिमटे उकळत होते. निरोप आणणाऱ्यानं लगेच विचारलं, "मग हे सामान विकणार का आता?" मी म्हटलं, "विकणार नाही, उकळणार." महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही...

संगमनेरात दातांचे डॉक्टर दोनच, त्यातले दुसरे बाईंना हसायचे. कारण बाई दाताचं मूळ साफ केलं की लगेच भरत नसत. कागदाची बारीक वात मुळात फिरवून काचेच्या नळीतल्या मांसाच्या अर्कात सोडायच्या आणि नळी दोन दिवस उबेला ठेवायच्या. अर्क गढूळ झाला म्हणजे जंतू शिल्लक, पुन्हा साफसफाई. वीज गेली की नळ्या रुमालात गुंडाळून कमरेला खोचायच्या. मी त्यांची मदतनीस, पण चिडवायचे, "अंडी उबवताय का?" म्हणायच्या, "हो, पिल्लं निघू नयेत म्हणून."

सत्तर सालच्या हंगामात पाथर्डीकडची ऊसतोडणीवाली गयाबाई आली. दाढ उपटा, असं मुकादमाचं म्हणणं. ती म्हणाली, "जलमभर समद्यांनी माझं काढूनच घेतलं, बाई. ही दाढ न्हाई देनार." बाईंना एवढं पुरे होतं. पण टोळी दुसऱ्याच दिवशी लांबच्या कारखान्याला निघणार होती. मूळ साफ करताच ठणका थांबला होता, गयाबाई घाई करत होती, आणि बाईंनी पहिल्यांदाच नळीची वाट न बघता दाढ भरली. दोन दिवसांनी नळी ताकासारखी गढूळ! तोवर टोळी कुठल्या कुठे गेली होती.

महिन्यानं टोळी पुन्हा संगमनेराकडे आली, तशी गयाबाई सुजलेला गाल घेऊन परत आली. ते दुसरे डॉक्टर मुद्दाम डोकावले, "मजुराच्या दाढेला कशाला हे चोचले?" बाई त्यांच्यासमोरच गयाबाईला म्हणाल्या, "चूक तुझ्या दाढेची नाही, माझी आहे. मी घाई केली. आत राहिलेले हे जंतू उपाशीपोटीही तग धरतात. आता ते थकतात की मी, बघू." तिला त्यांनी घरीच ठेवून घेतलं. नळी गढूळ निघाली, पुन्हा गढूळ. मुकादम दारात येऊन ओरडला, "टोळी खोळंबली, बाई! उपटा अन् मोकळी करा तिला!"

"दाढ तिची आहे. तिलाच विचारा."

"न्हाई म्हंजे न्हाई!" गयाबाई आतूनच गरजली. तिसरी नळी नितळ निघाली, तेव्हा कुठे बाईंनी दाढ भरली.

गेल्या आठवड्यात, इतक्या वर्षांनी, गयाबाई आली, हातात ऊस घेऊन. मी तिला ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. वाटलं, आता ही रडणार... ती कबरीपाशी मांडी घालून बसली, उसाचं कांडं त्याच दाढेखाली धरलं आणि कराकरा साल सोलली.

"बगा, बाई," ती मातीला म्हणाली, "हाय अजून!"