घोट घेताना दिसलेली गाठ

डॉक्टर माझ्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "अब घूँट लीजिए." मी घोट घेतला. पुन्हा सांगितलं, पुन्हा घेतला. मग खुर्चीत बसून लिहितालिहिताच त्यांनी सांगितलं, "थायरॉइड में गाँठ है. सोनोग्राफी और एफएनएसी करा लीजिए."

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेऊन तपासणं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. आई आजारी पडल्यापासून असले शब्द आमच्या घरात भाजीच्या भावासारखे बोलले जात होते. तरी त्या दिवशी ती चिठ्ठी मी दोनदा वाचली.

ही गाठ मला दिसली नव्हती. ती दिसली एका अनोळखी बाईला. त्याचं असं झालं.

आईला अन्ननलिकेचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी पातळ, गाळलेलं असेल तेवढंच तिच्या घशाखाली उतरायचं. हॉस्पिटलजवळ एक संस्था बाहेरगावच्या रुग्णांसाठी स्वयंपाकघर चालवते. आमचं मराठी घर इकडे उत्तरेत, ब्रह्मा घाटावर. तिथून गल्ल्या आणि गर्दी पार करून डबा वेळेवर पोचेना, तेव्हा आईला त्या स्वयंपाकघरानेच जेवू घातलं.

ती गेल्यावर मला घर खायला उठायचं. मी शाळेत शिकवते आणि नानांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर राहते. ते रामघाटाच्या पाठशाळेत वेद शिकवतात. घरी आलो की ते एका खोलीत, मी दुसऱ्या. मग मी त्या स्वयंपाकघरासाठी व्हिडिओ करायला लागले. गिळता न येणाऱ्या माणसाला काय करून द्यावं, एवढाच विषय. भाताची पेज, मुगाचं कढण, शिंगाड्याची लापशी. बोलायचं हिंदीतून, आणि शेवटी संस्थेला तांदूळ-डाळ पाठवा म्हणून सांगायचं. लोक खरंच पाठवायचे.

नानांना हे पसंत नव्हतं. आईचं वर्ष व्हायचं होतं, घरात सणवार बंद होते आणि मी कॅमेऱ्यापुढे हसत होते. "लोक काय म्हणतील, याची फिकर नाही तुला," असं एकदा बोलले. मी म्हटलं, "रडत रडत पेज दाखवली तर कोण बघेल, नाना?" ते उपरणं उचलून पाठशाळेला निघून गेले.

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मी एक चमचा खाऊन दाखवायची. अशाच एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "दीदी, निगलते समय आपके गले में कुछ ऊपर-नीचे हो रहा है. दिखा लीजिए, मैं नर्स हूँ." गिळताना माझ्या गळ्यात काही हलतंय म्हणे! मला रागच आला. माझ्या वजनावर, आवाजावर, साडीवर टिप्पणी करणारे पुष्कळ होते. ही त्यातलीच, असं म्हणून मी ते पुसून टाकलं. मग आरशापुढे जाऊन पाणी प्यायले. थायरॉइडची गाठ घोटाबरोबर वर सरकते आणि खाली येते. माझी सरकली.

नानांना काही सांगितलं नाही. बायको जाऊन वर्ष न झालेल्या माणसाला काय सांगायचं? संस्थेच्या स्वयंपाकघरात शूटिंग आहे अशी थाप मारून मी तपासण्यांना जात होते. बाक तेच, ज्यांवर आईला टेकवून बसवायची. सुई फारशी दुखली नाही, पण रिपोर्टची वाट बघणं अंगावर आलं. दर घोटाला मी हात गळ्याकडे न्यायची. चहा गरम लागला तरी वाटायचं, अडकतंय. डॉक्टर म्हणाले होते, "माँ की बीमारी से इसका कोई लेना-देना नहीं." मी मान डोलावली होती, विश्वास ठेवला नव्हता.

व्हिडिओ मात्र थांबवले नाहीत. गळ्याभोवती ओढणी घेतली आणि चमचा खाऊन दाखवायचा भाग गाळून टाकला.

एका संध्याकाळी जेवताना नाना म्हणाले, "हल्ली तू चव घेऊन दाखवत नाहीस."

ते व्हिडिओ बघतात हेच मला ठाऊक नव्हतं.

"तुझी आई पण आधी चव घ्यायचीच थांबली होती," ते म्हणाले. "आमटीत मीठ कमी-जास्त व्हायला लागलं आणि मी चिडत राहिलो. मला परेशानी नको म्हणून लपवते आहेस ना? काय झालंय?"

मला रडू कोसळलं. हुंदके देतच सगळं सांगितलं. रिपोर्ट कधी मिळणार एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "दोघं जाऊ."

रिपोर्टमध्ये पॅपिलरी कार्सिनोमा होता. थायरॉइडचा कॅन्सर, पण बहुधा सावकाश वाढणारा आणि लवकर कळला तर चांगला बरा होणारा. डॉक्टर हेमिथायरॉयडेक्टॉमी समजावत होते, म्हणजे ग्रंथीची अर्धी बाजू काढणं. आवाजाची नस अगदी जवळून जाते, आवाज काही दिवस बसू शकतो, क्वचित कायमचाही, असं त्यांनी सांगितलं. मी आवाजाच्या काळजीत बुडाले होते. नानांनी एकच विचारलं, "निगल तो पाएगी न?"

"पंडितजी, सब खाएँगी," डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे नाना खुर्चीला टेकले.

ऑपरेशन नीट झालं. आवाज बरेच आठवडे घोगरा राहिला, मग हळूहळू मोकळा झाला. भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. तपासणीची तारीख जवळ आली की मी आजही चिडचिड करते, दूध उतू घालवते. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर एवढंच सांगते, की वाट बघताना घाबरणं साहजिक आहे, पण एकटीने घाबरू नका. आणि कधीतरी आरशात बघून पाणी प्या.

त्या नर्सबाईंना मी खूप शोधलं. पुसलेली टिप्पणी परत मिळत नाही, नावही आठवत नाही. त्यांचे उपकार मी रोज मानते.

आईचं वर्ष झाल्यावर मी ऑपरेशननंतरचा पहिला व्हिडिओ केला. ओढणी घेतली नाही, टाक्यांचा व्रण दिसला तर दिसू दे म्हटलं. फोन नानांनी धरला होता. मी कढणाचा चमचा तोंडात घातला, गिळला, आणि हिंदीत पुढचं वाक्य बोलणार तोच फोनच्या मागून मराठीत आवाज आला, "अजून एक घे."

तो आवाज मी कापला नाही.