मावशींच्या घरातली शांतता

गल्लीतली माणसं तिला कानवाली म्हणत. शहरातला आवाज मोजायचं काम तिचं. घरोघरी जायचं, माणसाच्या खांद्याशी काडेपेटीएवढं यंत्र अडकवायचं आणि आठवड्याने परत न्यायचं. दिवसभर त्याच्या कानांवर किती गोंगाट आदळतो, ते त्यात नोंदलं जाई. लोक थट्टा करत, "हळू भांडा रे, ही मोजून नेईल!" तीही हसून वेळ मारून नेई. पण काम जीव ओतून करी. तिचे वडील बॉयलरच्या कारखान्यात राबून ठार बहिरे झाले होते. आवाज माणसाचं काय करतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

उड्डाणपुलाला खेटून असलेल्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहत. खिडकीतून हात काढला तर ट्रकला लागेल, असं घर. तरी अख्ख्या वस्तीत सगळ्यांत कमी आकडे त्यांचेच आले.

तिच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "म्हणजे तिथे शांतता आहे. पुलाच्या त्या बाजूला आवाज अडवणारी भिंत नको."

तिला काही ते पटेना. दुसरं यंत्र घेऊन ती मावशींकडे गेली.

"मावशी, मागचं यंत्र खुंटीला तर टांगलं नव्हतंत ना?"

"नाही गं बाई, अंगावरच होतं." मावशी जरा दुखावल्या. "ये, तूच बघ."

पुढची खोली धूळ खात पडली होती. मावशींनी तिला पार मागे नेलं. स्वयंपाकघरापलीकडे अडगळीची, बिनखिडकीची खोली. तिथेच शिलाई मशीन, तिथेच अंथरूण.

"पूल झाल्यापासून इथेच," मावशी म्हणाल्या. "पुढे बसलं की छातीत धडधडतं. गाडी जाते, धडधड जात नाही. गिऱ्हाईक काय सांगतंय तेही कळेना. एका पोरीचा लग्नाचा पोशाख आखूड शिवला मी. रडली बिचारी. मग म्हटलं, नकोच ते."

"पण दिवसभर असं कोंडून?"

"दुसरं काय करू? घर आहे आपलं म्हणायला."

कानवाली अंथरुणाच्या कडेवर टेकली.

परतल्यावर तिने साहेबांना सगळं सांगितलं. "माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "आवाज कमी नव्हता, माणूसच मागे सरकत गेलं." त्यांनी घरोघरच्या खिडक्यांवरही यंत्रं बसवायला लावली. खिडकीशी गोंगाट आणि माणसाजवळ शांतता, अशी आणखी घरं निघाली. कुणी जिन्यात झोपत होतं, कुणी तान्ह्या बाळाला न्हाणीघरात निजवत होतं.

भिंत झाली, पण फार उशिरा. कानवाली पुन्हा मोजायला गेली, तेव्हा मावशींची मशीन मधल्या खोलीपर्यंत आली होती.

"खिडकीशी कधी नेताय?"

"आवाज कमी झालाय गं," मावशी म्हणाल्या, "पण छातीला अजून खरं वाटत नाही."

कानवालीने आग्रह केला नाही. यंत्र त्यांच्या खांद्याशी अडकवलं आणि मशीन खिडकीशी न्यायला कधी मदत लागली तर हाक मारा, एवढं सांगून ती जिना उतरली.