भात येईस्तोवर

सिहोऱ्याच्या आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांत लग्न निघालं की पोरीच्या बापाला आधी गोपीचंदचं दार गाठावं लागे. रांधावं तर गोपीचंदनंच, असा चाळीस वर्षांचा रिवाज. जमिनीत लांब खड्डा खणून चूल करायची, वर माणूस बसेल एवढे गंज चढवायचे आणि पाचशे पानांचा भात असा उतरवायचा की एक शीत दुसऱ्याला चिकटायचं नाही. देवाला निवद गेल्याशिवाय रांधणाऱ्यानं चव पाहायची नाही, म्हणून तो सगळं नाकावर आणि बोटावर करायचा. आणि तोंड रिकामं कशाला ठेवायचं म्हणून गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायचा. दिवस-रात, चाळीस वर्षं.

पंगतीत त्याचा एक कायदा होता. पानावर वडा पडो, वांगं पडो, बुंदी पडो. भात पडल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. एका लग्नात वराच्या बापानं आधीच बुंदी तोंडात टाकली, तर यानं भर मांडवात वाढणं थांबवलं. "व्याहीबोवा, भात येवस्तोर हात आवरा. पंगत हाये हे, बैलबाजारातलं हॉटेल नाई."

मागच्या पावसाळ्यात जिभेच्या कडेला फोड आला. फुटला, भरला नाही. तोंड उघडेनासं झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी बोटं उभी घालून पाहिली, दोनच गेली. मग मशिनीतल्या तपासण्या झाल्या, तुकडा काढून तपासला, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरनं खाली मान घालून सांगितलं की जीभ काढावी लागेल. अर्धी नाही, सगळी. पुढं नळीनं जेवण. बोलणंही गेलं.

गोपीचंदनं तेव्हा फक्त एवढं विचारलं, "मंग भात कसा खाईन मी?"

डॉक्टर म्हणाले, तोवर जे आवडतं ते खाऊन घ्या.

खाऊन घ्या म्हणणं सोपं होतं. दिवसाला पाच-सहा घास, एवढीच त्या तोंडाची ताकद उरली होती. त्यानंतर आग पेटे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पेजेचा थेंबही नको होई. दवाखान्याची तोंड बधिर करणारी जेल लावली तर दुखत नसे, पण मग माती खाल्ली काय नि भात खाल्ला काय, सारखंच लागे.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. सोमवारी संध्याकाळी भरती व्हायचं होतं. सोमवारी पहाटे त्याच्या बायकोनं, शकुनबाईनं, चुलीवर नव्या चिन्नोरचा भात घातला, वरण केलं, तूप काढून ठेवलं. कमलेश, त्यांचा एकुलता एक पोरगा, नागपूरला मोबाइल कंपनीत कामाला. तो आदल्या दिवशीच गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, "माय, घरी नोको वाढू बाबाले. तोंड इथंच खरचून जाईन. मी जागा पाहून ठेवली हाये."

जागा नागपूरच्या वाटेवर, शहापूरजवळ हायवेच्या कडेला होती. मोठमोठी माणसं तिथं जेवायला येत. कमलेशनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता, पंधरा दिवस आधी टेबल धरून ठेवलं होतं. सात ताटं येतात, एकामागून एक, आणि शेवटी आपल्या झाडीपट्टीतला भात. फोनवर त्याला तसं सांगितलं होतं. आयुष्यभर लोकांना वाढणाऱ्या बापाला एकदा कोणीतरी बसवून वाढावं, एवढंच त्या पोराच्या मनात होतं.

शकुनबाईनं भाताच्या गंजावर झाकण ठेवलं. "पोरगा मनते तं जाऊन या. भात शेजारी देऊन टाकतो."

पाटीवर नाव वाचून गोपीचंद हसला. हसताना तोंड दुखलं तरी हसला. "धुरा? जेवाच्या जागेचं नाव धुरा? आपल्या गावात शेताच्या धुऱ्यावर लोक टमरेल घेऊन जातेत."

"हळू बोला जी," शकुनबाई म्हणाली. "इथं समदे धुतले-पुसलेले लोक दिसून राहिले."

आत थंडगार. दुपारची वेळ, पण पडदे ओढून अंधार केलेला. वाढायला एक बाई आली, मोनिका नावाची, काळा कोट घातलेली. पुस्तकातल्यासारखं बोलायची. "आज आपण झाडीच्या मातीची गोष्ट जिभेवर अनुभवणार आहोत," ती म्हणाली.

तिला काय माहीत.

पहिलं ताट आलं. ताट म्हणजे काळा दगड, त्यावर पळसाच्या पानाचा तुकडा आणि त्यावर हिरवा थेंब. गोपीचंदनं दगड डाव्या हाताला सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसला. दुसऱ्या ताटातून नुसता धूर निघत होता. धूर ओसरल्यावर तळाशी शिंगाड्याचा भुगा दिसला. तेही त्यानं डावीकडे ओळीत लावलं.

कमलेशनं आपलं ताट संपवलं. "बाबा, खा ना."

"येऊ दे समदं. भात पडू दे."

"इथं तसं नसते बाबा. जे आलं ते तेव्हाच खायचं असते."

"तू खा. मले पाच घास हायेत. मी भातावर लावीन."

मोनिका आली नि तिनं दोन्ही ताटं उचलली.

"अवो बाई, उचलता काहून? वाढनं कुठं झालं अजून?"

"आवडलं नाही का सर?"

"पाहिलंच नाई तं आवडंन कसं?"

तिला काय समजलं कोण जाणे. ताटं घेऊन गेली. तिसरं आलं, लाखोरी डाळीचा फेस. गोपीचंद त्याच्याकडे पाहत राहिला. पाहता पाहता फेस बसला आणि बशीत पिवळट ओल तेवढी राहिली. शकुनबाई पुटपुटली, "साबनाचं पानी दिसते."

चौथं ताटही तसंच परत गेलं. पाचव्याला आतून टोपीवाला आचारी स्वतः डोकावून गेला. ज्याची ताटं न शिवता परत येतात त्याला काय वाटतं, हे गोपीचंदला माहीत होतं. त्याच्या हातचं एक पानही कधी तसं परत आलं नव्हतं. तो खुर्चीत अवघडला. कमलेशनं चमचा खाली ठेवला होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. लहानपणापासून रडू दाबायचं असलं की त्याचं असंच व्हायचं.

शकुनबाईनं टेबलाखालून नवऱ्याच्या पायाला पाय लावला. "पोराच्या तोंडाकडं तं पाहा जी. एक घास खा त्याच्यासाठी."

सहावं ताट आलं होतं. त्यात बोराएवढी बर्फाची लाल गोळी. गोपीचंदनं विचार केला. दवाखान्यात तोंडाची आग व्हायची तेव्हा नर्स बर्फच चोखायला द्यायची. बर्फानं काही बिघडत नाही. उलट तोंड थंड होईल आणि भाताला तयार राहील. असा हिशेब करून त्यानं गोळी उचलली आणि तोंडाच्या दोन बोटांएवढ्या फटीतून आत सरकवली.

"कशी हाये?" कमलेश पुढं वाकला.

"थंडी हाये," गोपीचंद म्हणाला. पोराचा चेहरा उजळलेला त्यानं पाहिला.

मग गोळी विरघळली. ती अंबाडीच्या बोंडांची होती, हिरव्या मिरचीचं पाणी घालून गोठवलेली. अंबाडी आंबट, मिरची तिखट, आणि खाली उघडी जीभ. गोपीचंदनं टेबलाची कड धरली. ओरडला नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते कमलेशला वेगळंच वाटलं, त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. शकुनबाईला मात्र समजलं. तिनं पाण्याचा गिलास सरकवला. पाण्यानंही काही झालं नाही. आग जबड्यातून कानापर्यंत गेली.

सातवं ताट आलं तेव्हा टोपीवाला सोबत होता. काचेचा मोठा घुमट पुढं ठेवून मोनिका म्हणाली, "नव्या भाताची आठवण." घुमट उचलला.

वास आला. चिन्नोरच होता, कार्तिकात कापलेला, पहिल्या वाफेचा. खोटं नव्हतं त्यात काही. गोपीचंदचं नाक फसणारं नव्हतं. वास टेबलभर फिरला आणि विरून गेला. खाली बशीत नखाएवढी, पारदर्शक, तांदळाची एक कुरकुरीत पापडी होती.

"भात?" शकुनबाईनं विचारलं.

"हाच अनुभव आहे मॅडम. आम्ही भाताचा फक्त सुगंध काढून घेतो."

"आन् भात?"

टोपीवाला हसला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. कमलेश ताडकन उठला. "फोनवर तुमी भात सांगितला होता! माझ्या बापाची उद्या जीभ कापनार हायेत. जीभ! तो भात खायले आला इथं!"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली. टोपीवाल्याचं तोंड उतरलं, तो आत गेला. मोनिका तिथंच उभी होती. तिच्या तोंडातली पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली.

"बाबाजी, मी लाखांदूरची हाव," ती म्हणाली. "पयले काहून नाई सांगितलं जी? थांबा, मांगं आमच्या जेवनाचा भात हाये."

तिनं स्टीलच्या ताटलीत भात आणला, साधाच, वर पिवळं वरण. वाफ निघत होती. कमलेशनं ताटली बापापुढं ठेवली आणि तो बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मोनिकाही उभी राहिली.

गोपीचंदनं एक शीत बोटावर दाबलं. बरोबर शिजलं होतं. त्यानं वरण कालवलं, सुपारीएवढा घास केला आणि तोंडात घातला.

काहीच लागलं नाही. मीठ नाही, वरण नाही, भात नाही. नुसता जाळ, आणि त्यात रक्ताची खारट धार. घास जिभेवर निखाऱ्यासारखा पडून राहिला. त्यानं वाट पाहिली. आता लागेल, आता लागेल. गिळायला गेला तर घास खाली उतरेना.

"बाबा?" कमलेश म्हणाला. "लागून राहिला का?"

गोपीचंदनं मान हलवली. होकाराची.

कमलेश खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देऊ लागला, सुटल्यासारखा. तेवढ्यात गोपीचंद उठला, हात धुवायच्या जागी गेला आणि घास बेसिनमध्ये थुंकला. लाल झाला होता. शकुनबाई मागोमाग गेली. तिनं नळ सोडला आणि शितं हातानं ढकलून वाहून जाऊ दिली.

"त्याले सांगू नोको," तो म्हणाला. बोबडं झालं होतं बोलणं.

"मी कायले सांगू."

ताटलीतला भात कोणी खाल्ला नाही. कमलेशनं मान वर करायच्या आत शकुनबाईनं ताटली उचलून मोनिकाच्या हातात दिली.

दिवस बुडायच्या आधी ते नागपूरला दवाखान्यात पोचले. पलंग मिळाला, हाताला पट्टी बांधली. नर्स कागद घेऊन आली. नाव, गाव, वय. ऑपरेशनच्या आधी विचारावं लागतं म्हणून तिनं विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं? काय खाल्लं?"

गोपीचंदनं शकुनबाईकडे पाहिलं. शकुनबाई खिडकीकडे पाहू लागली.

"दुपारी," कमलेश म्हणाला. "वरन-भात. पोटभर."

नर्सनं तसं लिहून घेतलं.