आईचा बुधवार

आमच्या घरात माहेरवाशिणीने बुधवारी सासरी निघायचं नाही. लग्नानंतर मी बोरीवलीहून मुलुंडला माहेरी जायचे, तेव्हा आई हा नियम इतका कडक पाळायची की मंगळवारी दिवे लागले की ती निर्धास्त व्हायची. एक दिवस तिच्या पदरात पडलेला असायचा. मी चिडायचे. मला ऑफिस आहे, बुधवारने काय घोडं मारलंय, म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि कुळथाची पिठी दळून आणायला भावाला पिटाळायची. हा नियम काढला कुणी, असं एकदा तणतणत विचारलं तर म्हणाली, "खयच्यातरी आवशीनच काढलेलो आसतलो." कुठल्यातरी आईनेच, म्हणे.

अमावास्येचं तिच्याकडे वेगळं कारण होतं. तिचं गाव मालवणकडचं, खाडीपलीकडे. अवसेला उधाण येतं, मग बायकामुलांनी होडीत पाय ठेवायचा नाही, एवढंच ते. आता मुलुंडहून बोरीवलीला यायला कुठली आलीय खाडी? पण आई अवसेला घराबाहेर पडत नसे ती नसेच. यावरून मी तिची मनसोक्त थट्टा केली आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ती भावाकडेच असते. "आयतवारी येव काय गो? चार दिस ऱ्हवतंय."

माझ्या घरी तेव्हा काही आभाळ कोसळलं नव्हतं. लेक हॉस्टेलवर परत गेली होती, नवरा दौऱ्यावर होता, आणि मला चार दिवस कुणाचं काही करायचं नव्हतं. बस, एवढंच. पण आईला सरळ 'नको' म्हणायला जीभ रेटेना. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. रविवारच्या चौकोनात काळा गोळा दिसला आणि मी म्हणाले, "अगं, रविवारी अमावास्या आहे ना."

ती म्हणाली, "असांदे गो. आता कसली अवस? गाडयेन तर येतलंय."

जन्मभर पाळलेला नियम तिने माझ्यासाठी बाजूला ठेवला, आणि मी तो उचलून पुन्हा तिच्याच हातात दिला. "नको, तुलाच मागाहून चुटपुट लागेल," म्हणाले. तेही काळजीच्या सुरात. तो सूर आठवला की मला माझीच शरम वाटते.

पुढे वहिनी सहज बोलून गेली, की आईची पिशवी भरून तयार होती, फोन झाल्यावर तिने एकेक वस्तू काढून परत कपाटात ठेवली. मंगळवारी रजा टाकून मुलुंड गाठलं, तिला घेऊनच यायचं ठरवून. तिने माझ्या आवडीचं सगळं केलं, नातीची चौकशी केली, पण माझ्याकडे यायचा विषय काढला की "बघू मगे" म्हणून उठायची. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा करायला मला तोंड नव्हतं.

सकाळी पर्स खांद्याला अडकवून मी दारात उगाच चपला शोधत रेंगाळले. आईने पिठीचा डबा आणून माझ्या हातात दिला. बाकी काही बोलेना, तेव्हा मीच म्हणाले, "आई, आज बुधवार आहे."

"असांदे गो," ती म्हणाली. "आता कसलो बुधवार? जा तू. तुझी कामा आसतली."