भिंतीवरच्या चौदा रेघा

आमच्या केळीच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर तीस वर्षांचा. पोळा झाला की त्याचे हेडलाइट प्रकाशा गावाच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे दाखवायचे, हा नेम. एलईडी बसवू म्हटलं की तो डाफरे, "भाऊ, समोरलाना डोया फोडाना शेतस का? पहिले काच पुसानी, मंग बल्ब बदलाना."

मग भिंतीपासून बारा पावलं मोजून तो ट्रॅक्टर उभा करी, दिव्याच्या उंचीवर खडूची रेघ ओढी आणि झोत तिच्या चार बोटं खाली येईपर्यंत स्क्रू फिरवी. प्रत्येक ट्रॅक्टरची रेघ वेगळी. मी मोजल्या होत्या, चौदा.

यंदा तेरा पुसट झालेल्या. ते ट्रॅक्टर विकले गेले होते. माझ्याही ट्रॅक्टरचा सौदा ठरला होता. गिऱ्हाइकाला देण्याआधी दिवे दाखवावेत आणि मिस्त्रीला विक्रीचं सांगावं, म्हणून गेलो. पण माझ्या रेघेवर ताजा खडू होता. मी पोहोचण्याआधीच त्याने ती ओढून ठेवली होती.

"आज येशात असं वाटनंच माले," तो म्हणाला. "पुढला सालबी येशात ना?"

मी हो म्हणालो, आणि त्याच्याबरोबर बारा पावलं मोजली.